पॅरिसहून धारवाडमार्गे भिवंडीत

भिवंडीत एखादं मूल वाचनात मागे पडतंय म्हणून त्याची चाचणी घ्यायची ठरली, तर पहिली अडचण बुद्धीची नसते, भाषेची असते. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा निरनिराळ्या माध्यमांच्या. उर्दू शाळेतलं पोर सकाळी उजवीकडून डावीकडे लिहितं आणि मराठीच्या तासाला डावीकडून उजवीकडे. याला प्रश्न विचारायचे तरी कोणत्या भाषेत?

बुद्धिमापन चाचणीची मूळ कथा पॅरिसची. नेहमीच्या वर्गात ज्यांचं जमत नाही अशी मुलं ओळखून त्यांना वेगळं शिकवता यावं, यासाठी 1904 मध्ये फ्रेंच सरकारने समिती नेमली. पुढच्याच वर्षी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी तीस प्रश्नकृतींची मालिका काढली. पेटत्या काडीमागे नजर फिरते का, इथपासून सुरुवात. 1908 च्या आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले आणि 'मानसिक वय' आलं. त्याला खऱ्या वयाने भागायची कल्पना जर्मन विल्यम स्टर्नची, तर शंभराने गुणून बुद्ध्यांक घरोघरी पोचवला तो अमेरिकन टर्मनने, 1916 मध्ये. बिने 1911 मध्येच गेला होता. बुद्धी जन्मभर तेवढीच राहते हे त्याला मुळीच मान्य नव्हतं; पण आकडा हाती आल्यावर ते ऐकतो कोण!

हिंदुस्थानात ही चाचणी दोन वाटांनी आली. लाहोरला सी. हर्बर्ट राइस यांनी ती हिंदुस्थानीत आणली. त्यांचं पुस्तक 1929 चं. दुसरी वाट तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या धारवाडची. तिथे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिनेची चाचणी नव्याने बेतली. 1940 मध्ये ऑक्सफर्डने त्यांचं पुस्तक काढलं. हे नुसतं भाषांतराचं काम नव्हे. सातव्या वर्षाचा म्हणून ठरलेला फ्रेंच प्रश्न इथल्या मुलाला कोणत्या वर्षी सुटतो, हे मुलांना समोर बसवूनच पाहावं लागतं. आपल्याकडच्या मानसशास्त्राच्या इतिहासात या खटपटीचं मोल फार कमी सांगितलं जातं. 'बिने-कामत' आजही वापरात आहे, तीही जुन्याच भागाकारानिशी: आठ वर्षांच्या मुलाचं मानसिक वय सहा निघालं, की बुद्ध्यांक 75.

मग 1969 मध्ये नागपूरच्या आर्थर मालिन यांनी मानसशास्त्रज्ञ वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिचाचणीचा भारतीय अवतार केला. त्यात सहा भाग बोलण्याचे, पाच हाताने करून दाखवायचे. ठोकळे जुळवून नक्षी करायला उर्दू लागत नाही की मराठी. शब्दार्थ सांगायला मात्र लागते. म्हणून दोन्ही बाजूंचे गुण वेगवेगळे पाहायचे असतात. एकच बेरीज वाचून मोकळं होणारे पालक आणि शिक्षक नेमकं तेच गमावतात.

1996 मध्ये महाराष्ट्र सरकारने अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितात अडणं) असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, लेखनिक, एका भाषेऐवजी कार्यानुभव. तेव्हापासून बुद्ध्यांकाची तपासणी ही सवलतीच्या दाखल्याची पायरीही झाली. 2016 च्या अपंगत्व कायद्यात ही अक्षमता आली आणि 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी क्रम ठरवला: आधी बुद्ध्यांक, तो 85 च्या वर असेल तर बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेचा चाचणीसंच. शब्दांचे प्रश्न परक्या भाषेत विचारल्याने बुद्ध्यांक 82 आला, तर मूल पुढच्या टप्प्यावर पोचतच नाही. अहवाल हाती आला की आकड्याआधी 'चाचणीची भाषा' ही ओळ शोधावी. नसेल तर विचारावी.

वाचनातली अडचण मुलाच्या भाषेतच तपासावी म्हणून राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हा संच 2015 मध्ये आणला, तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. भिवंडीच्या शाळांतल्या हिंदी आणि मराठीची त्यात सोय झाली. उर्दू आणि तेलुगू त्या पहिल्या यादीत नव्हत्या.