एसडीएल-बीजीआय

एसडीएल-बीजीआय : जुन्या टर्बो सी कंपायलरसाठी लिहिलेले चित्रालेखनाचे प्रोग्राम आधुनिक संगणकावर चालावेत म्हणून रचलेली आवेष्टक लायब्ररी. एका पद्धतीच्या आज्ञा स्वीकारून त्या दुसऱ्या, बहुधा अधिक व्यापक, लायब्ररीकडे सोपविणाऱ्या मधल्या थरास आवेष्टक लायब्ररी म्हणतात. प्रस्तुत लायब्ररीचे बाह्यांग बोर्लंड कंपनीच्या बीजीआयचे, तर अंतरंग एसडीएलचे आहे. इटलीतील ग्वीदो गोन्झातो हे तिचे कर्ते होत.

बोर्लंडने १९८७ मध्ये टर्बो सी बाजारात आणले. त्यासोबत मिळणाऱ्या बीजीआयमुळे ‘ग्राफिक्स.एच’ ही एक फाइल जोडताच रेषा, वर्तुळ, रंगभरण इ. क्रिया एकेका आज्ञेत होऊ लागल्या. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ही पद्धत खोलवर रुजली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ सारख्या पुस्तकांनी सी भाषा घरोघरी नेली, तर प्रयोगशाळेतील टर्बो सीची निळी चौकट हाच बहुतेकांचा संगणकाशी पहिला गंभीर परिचय ठरला. पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) कक्षेतील पिंपरी-चिंचवड परिसरात पिंपरी, आकुर्डी, निगडी येथे अशी महाविद्यालये उभी राहिली. पवनाकाठच्या पिंपळे गुरवसारख्या वसाहतींतून तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्यासमोर पुढे एक विचित्र अडचण आली : प्रयोगशाळेत चालणारा प्रोग्राम घरच्या नव्या संगणकावर उघडतच नसे.

ह्याचे कारण यंत्ररचनेत आहे. टर्बो सी १६ बिटी डॉस प्रणालीसाठी होते. बीजीआय व्हीजीए पत्रकाच्या स्मृतीत थेट बिंदू लिहीत असे. तेथे ६४० × ४८० बिंदू व १६ रंग मिळत. ६४ बिटी विंडोजने १६ बिटी प्रोग्राम चालविणे सोडून दिले, आणि पाठ्यक्रम मात्र काही काळ तेथेच थांबला. डॉसबॉक्स ह्या अनुकारी प्रोग्रामाने तात्पुरती सोय झाली. डॉसबॉक्स स्वतः एसडीएलवर उभारलेला आहे, म्हणजे जुनी निळी चौकट पाहणारा विद्यार्थी नकळत एसडीएलच वापरीत होता.

एसडीएल (सिंपल डायरेक्टमीडिया लेअर) ही सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली लायब्ररी. खिडकी, चित्र, ध्वनी, कळफलक व खेळनियंत्रक यांचे व्यवहार ती निरनिराळ्या प्रणालींवर एकाच रीतीने करून देते. लिनक्ससाठी खेळ रूपांतरित करणाऱ्या लोकी कंपनीत लँटिंगा काम करीत. ती कंपनी २००२ मध्ये बंद पडली, लायब्ररी मात्र टिकली. तिची दुसरी आवृत्ती २०१३ मध्ये व तिसरी २०२५ मध्ये स्थिर रूपात आली. पायथनची पायगेम लायब्ररीही एसडीएलवरीलच आवेष्टन होय.

दोन्ही पद्धतींचा सांधा जुळविणे दिसते तितके सोपे नाही. बीजीआयमध्ये बिंदू लिहिताच तो दिसतो. एसडीएलमध्ये चित्र आधी पडद्याआड पूर्ण करून मग सादर करावे लागते. प्रत्येक बिंदूनंतर सादरीकरण केल्यास जुना प्रोग्राम जसाच्या तसा चालतो, पण फार मंद. म्हणून एसडीएल-बीजीआयमध्ये जलद रीत वेगळी ठेवली असून तीत ‘रिफ्रेश’ ही आज्ञा प्रोग्रामकर्त्यानेच द्यावयाची असते. डॉसच्या खंडकांद्वारे (इंटरप्ट) माउस वाचणारे प्रोग्राम मात्र ह्या आवेष्टनानेही तरत नाहीत.

आवेष्टनामुळे विद्यार्थी नव्या तंत्राला पारखा होतो, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आयबीएममधील जॅक ब्रेझनहॅम यांची रेषा काढण्याची रीत (प्रसिद्धी १९६५) स्वतः लिहून पाहण्यास ‘पुटपिक्सेल’ ही एकच आज्ञा पुरते. तेथे खिडकी व घटनाचक्राचा पसारा शिकणाऱ्याची वाट अडवितो. खेळरचनेत हेच घटनाचक्र केंद्रस्थानी असते. त्यासाठी बीजीआयची चौकट अपुरी असून मूळ एसडीएलच शिकणे इष्ट.

काही बदल नकळत घडतात. टर्बो सीतील पूर्णांक १६ बिटांचा, कमाल ३२,७६७ पर्यंतचा. त्यामुळे ८ चे क्रमगुणित (४०,३२०) तेथे ऋण संख्या म्हणून उमटे. नव्या कंपायलरवर तोच प्रोग्राम बरोबर उत्तर देतो आणि १३ च्या क्रमगुणिताशी येऊन पुन्हा चुकतो.