शिष्यवृत्ती की करार? अमेरिकन धावपटूंपुढच्या निवडीचा इतिहास

अमेरिकेत जागतिक दर्जाचे धावपटू घडवण्याचे काम विसाव्या शतकात प्रामुख्याने विद्यापीठांनी केले. युरोपात ही जबाबदारी बहुतांशी क्लबांकडे राहिली. अमेरिकेत मात्र प्रशिक्षक, ट्रॅक, वसतिगृह आणि शिष्यवृत्ती एकाच आवारात मिळू लागली. विद्यापीठीय खेळांचे नियमन करणारी संघटना, म्हणजे आजची एनसीएए, १९०६ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये शिकागो येथे तिची पहिली राष्ट्रीय मैदानी स्पर्धा झाली. शाळेत चमकलेल्या मुलाने विद्यापीठात जावे, चार वर्षे संघासाठी धावावे आणि जमल्यास ऑलिंपिक गाठावे, ही वाट तेव्हापासून रुळली.

त्या काळी दुसरी वाटच नव्हती, कारण मैदानी खेळांवर हौशीपणाच्या नियमाची घट्ट पकड होती. खेळातून पैसा घेणारा खेळाडू ऑलिंपिकमधून कायमचा बाद होत असे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदके जिंकणाऱ्या जिम थॉर्पने पूर्वी थोड्या मानधनावर बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. जेसी ओवेन्सचा अनुभवही तितकाच बोलका आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात त्याला शिष्यवृत्ती नव्हती. शिकताना तो लिफ्टचालकाचे काम करी. २५ मे १९३५ रोजी अ‍ॅन आर्बर येथे विद्यापीठांच्या स्पर्धेत, पाठ दुखावलेली असताना, त्याने सुमारे पाऊण तासात तीन विश्वविक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. त्यातला लांब उडीचा ८.१३ मीटरचा विक्रम २५ वर्षे टिकला. पुढच्या वर्षी बर्लिनमध्ये चार सुवर्णपदके मिळवल्यावर त्याने युरोपचा दौरा अर्धवट सोडला, म्हणून अमेरिकेच्या हौशी क्रीडा संघटनेने त्याला निलंबित केले. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याची कारकीर्द संपली आणि पोटासाठी त्याला घोड्याशी शर्यत लावावी लागली.

तरीही विद्यापीठीय व्यवस्थेने अनेकांना उभे केले. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एड टेंपल यांनी महिलांचा संघ बांधला. मुली शिक्षणखर्चासाठी आवारात काम करत आणि उरलेल्या वेळात सराव करत. लहानपणी पोलिओ झालेली विल्मा रुडॉल्फ शाळेत असतानाच या संघाच्या सरावाला येऊ लागली. १९६० मध्ये रोमला तिने तीन सुवर्णपदके जिंकली; रिलेतल्या चारही धावपटू टेनेसी स्टेटच्याच होत्या. मात्र रुडॉल्फ बावीस वर्षांची असतानाच निवृत्त झाली. पदकांच्या बळावर धावत राहता येईल, अशी सोयच नव्हती. बहुतेक विद्यापीठांत मुलींना खेळाच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या त्या शिक्षणात लिंगभेदाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या कायद्यानंतर.

पुरुषांमध्ये जिम रायन आणि स्टीव्ह प्रीफाँटेन या दोघांनी जुन्या व्यवस्थेचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही दाखवली. रायनने १९६४ मध्ये शाळेत असतानाच चार मिनिटांच्या आत मैल पार केला. कॅन्सस विद्यापीठात शिकताना १९६६ मध्ये त्याने ३:५१.३ असा विश्वविक्रम केला. ओरेगन विद्यापीठात बिल बोवरमन प्रीफाँटेनचे प्रशिक्षक होते. एक दिवस कठोर सराव, दुसरा दिवस हलका, ही बोवरमन यांची पद्धत; तरुण शरीराला सावरायला वेळ मिळावा हा तिचा हेतू. प्रश्न उद्भवे तो पदवीनंतर. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या एका व्यावसायिक मंडळाने प्रीफाँटेनला मोठी रक्कम देऊ केली होती. पण ती घेतली की ऑलिंपिक बंद. त्याने नकार दिला आणि तंगीत दिवस काढत सराव चालू ठेवला. १९७५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो मोटार अपघातात गेला. ते मंडळही १९७६ मध्ये बंद पडले.

हौशीपणाची भिंत १९८० च्या दशकात ढासळली. आंतरराष्ट्रीय महासंघाने १९८२ पासून कमाई विश्वस्त निधीत जमा करण्यास मुभा दिली. पुढे उघड मानधन आणि बक्षिसे आली. आता बुटांच्या कंपन्या थेट शाळेतल्या मुलामुलींकडे जाऊ लागल्या आणि निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

दोन्ही बाजूंचे हिशेब वेगळे होते. विद्यापीठात पदवी, सोबती आणि वैद्यकीय मदत मिळे, पण पूर्ण शिष्यवृत्ती क्वचितच. अव्वल विभागातील पुरुष संघाला १२.६ आणि महिला संघाला १८ शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, त्या अनेकांत वाटल्या जात. शरद ऋतूत क्रॉसकंट्री, हिवाळ्यात बंदिस्त ट्रॅक आणि वसंतात मैदान, असा हंगाम चाले. संघाच्या गुणांसाठी एकाच धावपटूला अनेक शर्यती आणि रिले धावाव्या लागत. जूनमधल्या विद्यापीठ स्पर्धेसाठी ताकद खर्ची पडल्यावर उन्हाळ्यातल्या जागतिक स्पर्धेत दम उरत नसे. कंपनीच्या करारात वेळापत्रक हाती राही, पण दुखापत झाली किंवा क्रमवारी घसरली तर मानधन कापण्याची कलमे असत. शिवाय एकदा करार केला की विद्यापीठाच्या संघाचे दार बंद होई.

प्रत्यक्ष उदाहरणे एकाच दिशेला बोट दाखवत नाहीत. अ‍ॅलन वेबने २००१ मध्ये ३:५३.४३ वेळेत रायनचा शालेय मैल विक्रम मोडला, मिशिगन विद्यापीठात एक वर्ष काढून करार केला आणि २००७ मध्ये ३:४६.९१ असा अमेरिकन विक्रम नोंदवला. अ‍ॅलिसन फेलिक्सने शाळेनंतर लगेच करार केला. कंपनीने तिची विद्यापीठाची फी भरली, तिने पदवी घेतली आणि पाच ऑलिंपिकमध्ये अकरा पदके मिळवली. सिडनी मॅक्लॉफलिन केंटकी विद्यापीठात एक हंगाम धावली. नोआ लाइल्स २०१६ मध्ये शाळेतून थेट व्यावसायिक झाला. दोघेही पुढे ऑलिंपिक विजेते ठरले. याउलट, २०१३ मध्ये सतराव्या वर्षी व्यावसायिक झालेल्या मेरी केनने २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितले की, वजन घटवण्याच्या दबावाने तिचे शरीर आणि मन खचले. २०२१ मध्ये ओरेगन विद्यापीठाच्या काही माजी महिला धावपटूंनीही चरबीच्या मोजमापाबद्दल तशाच तक्रारी केल्या. म्हणजे धोका दोन्हीकडे होता.

१ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नाव-प्रतिमेवर जाहिरातीतून कमावण्याची परवानगी मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांना थेट मोबदला देण्याची वाट खुली झाली आणि शिष्यवृत्त्यांच्या जुन्या मर्यादेऐवजी संघाच्या आकाराची मर्यादा आली. पैसा की पदवी, हे शतकभर चाललेले द्वंद्व त्यामुळे बरेच सैल झाले. आता निवड ठरते ती सरावाचा भार कोण ठरवतो, वाढत्या वयाला किती वेळ दिला जातो आणि दुखापतीच्या वर्षी मागे कोण उभे राहते, यावर. अठरा वर्षांच्या धावपटूने, आणि त्याच्या आईवडिलांनी, सही करण्यापूर्वी हेच तीन प्रश्न विद्यापीठालाही विचारावेत आणि कंपनीलाही.