करंडी, करंडक आणि पलटण

भाच्याचा निरोप आला तेव्हा सकाळचे सव्वानऊ वाजले होते. 'मामा, ट्रॉफीला मराठीत करंडक का म्हणतात? इथे चहावर वाद चाललाय.' इथे म्हणजे चाकणला. तिथल्या एका कारखान्यात तो पहिल्या पाळीला असतो. जून महिना, एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम फेरीचे दिवस. अमेरिकेत रात्री साडेआठला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो आणि निगडीहून कंपनीची बसही साधारण तेव्हाच निघते. पहिला क्वार्टर मोशीच्या चौकापर्यंत पुरतो, दुसऱ्यात गेट येते, मग मोबाइल लॉकरात. पुढे काय झाले ते चहाच्या सुट्टीत कळते आणि उरलेली पाच मिनिटे भांडणात जातात. त्या दिवशी भांडण शब्दावर आले, ही माझी कमाई.

उत्तर दोन ओळींत द्यायचे होते. संध्याकाळपर्यंत वहीची चार पाने भरली.

संस्कृतात 'करण्ड' किंवा 'करण्डक' म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली टोपली. झाकण असले तर डबा. मोनियर-विल्यम्सच्या कोशात याच शब्दापुढे मधाचे पोळे, तलवार आणि एका जातीचे बदकही येऊन बसले आहे. पोळ्याचे समजते, तेही विणल्यासारखेच दिसते. बदक 'कारंडव' पक्ष्याच्या वाटेने आत शिरले असावे. तलवारीचा तर्क ज्याचा त्याने करावा. मी दोन दिवस केला आणि सोडून दिला.

मराठीत या शब्दाची दोन घरे झाली. करंडी बाजारात राहिली: मासळीची, फुलांची, आंब्यांची. करंडा देव्हाऱ्याशेजारी गेला, कुंकवाचा झाला. त्याचे विणकाम सुटले, तो कधी लाकडाचा, कधी पितळेचा, कधी चांदीचा झाला, पण मोलाची वस्तू झाकून ठेवणारे भांडे हा भाव टिकला. करंडक हा यांचा तिसरा, शिकलेला भाऊ. संस्कृतातून तो थेट वर्तमानपत्रात उतरलेला दिसतो. चांदीचे, नक्षीचे, झाकणाचे भांडे विजेत्याला देताना कुणाला तरी कुंकवाचा करंडा आठवला असावा आणि आकार मोठा म्हणून शब्दही भारदस्त घेतला असावा. मग रणजी करंडक आला, १९६३ पासून पुण्यातल्या महाविद्यालयीन नाटकवाल्यांचा पुरुषोत्तम करंडक आला. 'कप'ची सोय 'चषका'ने आधीच झालेली होती. चषक मद्य पिण्याचा, करंडक जपून ठेवण्याचा. घटाघटा प्यायची वस्तू मराठी माणसाने विश्वविजेत्यांना दिली आणि टोपली घरच्या स्पर्धांना ठेवली, हा व्यवहारही आपल्या स्वभावाला धरूनच म्हणायचा.

खुद्द 'ट्रॉफी'त मात्र भांडे नाहीच. ग्रीक 'त्रोपाइऑन'पासून ती आली. 'त्रोपे' म्हणजे वळणे. शत्रू जिथे पाठ फिरवून पळाला तिथेच त्याची हत्यारे टांगून जे स्मारक उभे करत, ते त्रोपाइऑन. शत्रूचे हे पलटणे वाचकाने लक्षात ठेवावे. पुढे त्याच्याशी गाठ आहे, फसवी का होईना.

म्हणजे मराठीत कुठलाही खेळ जिंका, बक्षीस टोपलीच. सगळीकडे हा शब्द लाक्षणिक आहे आणि एकाच ठिकाणी वाच्यार्थाने खरा. एनबीएचा लॅरी ओब्रायन करंडक नीट पाहावा. १९७७ पासून तो साधारण एकाच घडणीचा आहे: खाली जाळीची टोपली, कडी, आणि कडीवर आत पडण्याच्या बेतात असलेला चेंडू. करंडकावर करंडक. भाच्याला एवढेच कळवले असते तरी चहा वसूल झाला असता.

ही टोपली मुळात खरीखुरी होती, हे या खेळाच्या माणसांना सांगायला नको. डिसेंबर १८९१, मॅसॅच्युसेट्समधले स्प्रिंगफील्ड, जेम्स नेस्मिथ, आणि व्यायामशाळेच्या सज्ज्याला ठोकलेल्या पीच फळांच्या दोन करंड्या. तळ शाबूत. चेंडू आत पडला की कुणीतरी शिडी लावून तो काढून आणायचा. पुढे वायएमसीएच्या शाखांबरोबर हा खेळ जगभर गेला, मद्रासच्या वाटेने भारतात रुजला, १९३४ साली राष्ट्रीय स्पर्धाही झाली. पण क्रिकेटला मराठीने निदान 'चेंडूफळी' असे एक पाळण्यातले नाव ठेवून पाहिले होते, याला तेही नाही. टोपल्यांच्या बाबतीत मराठी गरीब असती तर गोष्ट वेगळी. टोपली, पाटी, दुरडी, करंडी, परडी, हारा, डालगे, रोवळी. इतक्या टोपल्या घरात असून पाहुण्याला एकही दिली नाही!

पाहुणाही तसा खानदानी नव्हे. इंग्रजी 'बास्केट'चे मूळ नीट लागलेले नाही. रोमन कवी मार्शलने 'बास्कौडा' नावाच्या एका भांड्याचा ब्रिटनहून आलेली वस्तू म्हणून उल्लेख केला आहे. त्यावरून शब्द केल्टिक असावा असे पुष्कळांना वाटत आले. ध्वनिशास्त्रवाले मान हलवतात, पण त्यांच्यापाशीही दुसरे बरे उत्तर दिसत नाही.

टोपल्यांवरून 'पिटक' आठवले. त्रिपिटक म्हणजे बौद्ध वचनांच्या तीन टोपल्या. आपली 'पेटी' आणि 'पेटारा' याच गोतातले असावेत. महायानात 'कारण्डव्यूह' नावाचे सूत्र आहे; त्यात तर आपला करण्ड नावातच बसला आहे. गंमत पुढे आहे. त्रिपिटकाची भाषा पाली. हे नाव 'पालि' म्हणजे ओळ, ग्रंथातली ओळ, यावरून पडले असावे असे मानतात. ओळीने येणारी ती खेप, म्हणून आपली 'पाळी'. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. तेव्हा पहिल्या पाळीला जाताना बसमध्ये टोपलीचा खेळ पाहणारा भाचा फार जुन्या सोबतीला धरून चालला आहे. त्याला त्याची कल्पना नाही एवढेच.

टोपलीवरून आणखी एक. प्राधिकरणात आमच्या घरामागे बांधकाम चालू होते तेव्हा पोरांनी एक गळके घमेले मागून आणले, छिन्नीने त्याचा तळ उडवला आणि ते सळईने खांबाला बांधले. दोन महिने तेच त्यांचे रिंग. चेंडू कडेला लागला की असा ठणाणा व्हायचा की समोरच्या काकू खिडकी आपटायच्या. नेस्मिथच्या टोपलीला तळ होता, इथे तळ उडवूनच खेळ सुरू झाला, हा प्रगतीचा भाग. पण 'घमेले' हा शब्द पोर्तुगीज 'गामेला'चा, म्हणजे लाकडी परातीचा. वसईचा किंवा गोव्याचा कुणी गवंडी तो घाटावर घेऊन आला असावा. अमेरिकन खेळ, पोर्तुगीज टोपली आणि खेळणारी पोरे लातूर-नांदेडकडून आलेल्या कुटुंबांची. पिंपरी-चिंचवड म्हणतात ते हेच.

आता हा खेळ नुसता पाहणाऱ्याला, पहाटे उठून पाहणाऱ्याला, काय म्हणायचे? 'चाहता' हा छापील शब्द. बोलताना 'फॅन'च. तो 'फॅनॅटिक'चा तुकडा, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फानुम', म्हणजे देऊळ. देवळात ज्याच्या अंगात येते तो फॅन. चाकणहून आळंदी किती जवळ, देहूही फार लांब नाही, म्हणून मला इथे 'वारकरी' आठवतो. 'वारी'तला 'वार' हा 'वारंवार'मधलाच, म्हणजे खेप, पाळी, असा दिसतो. देवळाशी नाते दोघांचेही, पण लॅटिनवाल्यांनी अंगात येण्यावर भर दिला आणि आपण पुन्हा पुन्हा जाण्यावर. मला दुसरे अधिक अचूक वाटते. आवडता संघ सलग अकरा सामने हरला तरी बाराव्याला साडेचारचा गजर लावणारा माणूस अंगात आलेला नसतो, तो वारीला निघालेला असतो.

मराठीचे या भावनेचे खरे शब्द तीन: हौस, छंद, नाद. 'हौस' अरबी 'हवस'वरून आली. मूळ अर्थ वेड, झपाटलेपण. तोच शब्द हिंदी-उर्दूत वासनेकडे घसरला, मराठीत मात्र तो लग्नाकार्यात मिरवू लागला. हौसेला मोल नाही, ही म्हणही झाली. बदनाम पाहुण्याला आपण इतके सोज्वळ करून घेतले की धंदेवाईक नसलेला खेळाडू तो 'हौशी' ठरला. इंग्रजी 'अमॅच्युअर'च्या मुळाशीही लॅटिनमधले 'प्रेम करणे'च आहे, म्हणजे दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच तोडगा काढला. समोरचा 'व्यावसायिक' तर 'व्यवसाय' या मूळच्या निश्चयवाचक शब्दातून आला. गीतेत तो निश्चयाच्याच अर्थाने येतो, धंद्याच्या नव्हे. छंद आणि नाद यांचे वेगळेच. एक वृत्ताचे नाव, दुसरे ध्वनीचे, आणि दोन्ही व्यसनाच्या वाटेवर. 'छन्द' संस्कृतातही इच्छा होताच. पण 'नाद' कानातून डोक्यात कधी गेला? घुमत राहणारा आवाज डोक्यातून जात नाही, म्हणून असेल. भोसरीच्या रिक्षांमागे 'नाद करायचा नाय' लिहिलेले असते. तिथे नाद आणखी पुढे सरकून 'वाटेला जाणे' या अर्थाला आला आहे.

भाच्याचा नाद सॅक्रमेंटो किंग्जचा. कारण विचारले तर म्हणाला, 'मामा, मालक आपला आहे ना.' मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे २०१३ पासून त्या संघाच्या मालकांतले प्रमुख. ५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज इंडियाना पेसर्सशी खेळले तेव्हा हा रातपाळी करून तसाच मुंबईला गेला. किंग्ज १३०-१०६ असे हरले. आदल्या दिवशीचा सामनाही त्यांनी जादा वेळेत एका गुणाने घालवला होता. आडनाव मात्र झकास. 'रणदिवे' म्हणजे रणातला दिवा असा उघड अर्थ दिसतो. एखाद्या जुन्या किताबाचे आडनाव झाले असावे. किंग्जच्या रणात तो दिवा बराच काळ मिणमिणताच होता, ते जाऊ द्या.

घरचा संघ हवा असेल तर नदीपलीकडे बालेवाडी आहे, पण तिथे कबड्डी. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेल्या त्या संकुलात 'पुणेरी पलटण'चे सामने होतात. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत तिने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रो कबड्डीचा करंडक आणला. कर्णधार अस्लम इनामदार. 'कर्णधार'मधला कर्ण कानाचा नव्हे, सुकाणूचा, संस्कृतातला नावाडी. 'इनामदार' अर्धा अरबी, अर्धा फारसी. आणि 'पलटण'? पलटणे या क्रियापदाशी तिचे नाते जोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. ट्रॉफीतही वळणे, पलटणीतही वळणे, काय सुरेख जुळले असते! पण तसे दिसत नाही. यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये तिला 'बटालियन'चा अपभ्रंश ठरवले आणि 'प्लॅटून'चीही त्यात सरमिसळ झाली असावी असे जोडून दिले. मला ती सरमिसळच मोलाची वाटते. 'प'कार आणि 'ल'कार दोन्ही तिथूनच आले असावेत.

कारण प्लॅटून म्हणजे फ्रेंच 'पेलोतों'. पेलोतों म्हणजे छोटा गोळा, लहान चेंडू. त्यामागे 'पेलोत', आणि त्याच्याही मागे लॅटिन 'पिला', चेंडू. गोळ्यासारखा एकवटून बार काढणारा शिपायांचा गट तो पेलोतों. तूर द फ्रान्समध्ये एकमेकांना खेटून जाणाऱ्या सायकलस्वारांच्या घोळक्यालाही हेच नाव आहे. आपल्याकडे चेंडूचा गट झाला, गटाची फौज झाली, फौजेची पुढे पोराटोरांची पलटण झाली. मग संघ झाला. आयपीएलमधल्या मुंबई इंडियन्सने तर पाठीराख्यांनाच पलटण म्हणायला सुरुवात केली. चेंडूभोवती जमलेल्या माणसांना चेंडूचेच नाव. उलटा प्रवास 'गोलंदाजा'चा: फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा, तोफखान्यातला गोळे टाकणारा, आता क्रिकेटच्या मैदानावर. आणि 'पेशवा' म्हणजे पुढे असणारा. काही वर्षांपूर्वी यूबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पुण्याच्या संघाचे नाव 'पेशवाज' होते. फारसी शब्दाला इंग्रजी शेपूट. शनिवारवाड्याने हे कसे घेतले असते कोण जाणे.

म्हणजे बास्केट करंडकात आणि बॉल पलटणीत. मराठीने या खेळाचे भाषांतर केले नाही असे मी वर म्हणालो, ते थोडे मागे घेतो.

हे सगळे भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, 'मग डंक?' डंक हा तर पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मनांचा शब्द, पाव कॉफीत बुडवणे. उडी मारून चेंडू कडीत वरून बुडवायचा, तो डंक. 'म्हणजे आम्ही रोज सव्वानऊला खारी चहात डंक करतो,' तो म्हणाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने बिनचूक.

राहिला खुद्द 'चेंडू'. कन्नडात आणि तेलुगूत तो चेंडु, तमिळकडे सेंडु; संस्कृत 'कन्दुक' आणि हिंदी 'गेंद' बाजूला उभे. दक्षिणेकडून आलेला असावा. पण कन्नडात 'चेंडु हूवु' म्हणजे झेंडूचे फूल, हिंदीत 'गेंद'वरून 'गेंदा' म्हणजे झेंडूच, आणि आपल्याकडे चेंडू आणि झेंडू शेजारी शेजारी. दोन भाषांत फूल चेंडूचे नाव घेते हे स्वच्छ दिसते. मराठीत 'च'चा 'झ' कसा झाला, की झेंडू मुळातच निराळा, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. खंडेनवमीला भाचा दरवर्षी फोटो पाठवतो: प्रेस मशीनला झेंडूच्या माळा, वर हळदकुंकू, बाजूला पाळीतली सगळी पोरे. गेल्या वर्षीच्या फोटोत मशीनच्या खाली, माळेच्या टोकाशी, एक बास्केटबॉलही ठेवलेला आहे. त्यालाही कुंकू लावले आहे.