धनत्रयोदशी, सायंकाळी ५:२०

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार. कोल्हापुरातलं भांड्यांचं दुकान. गल्ल्यामागच्या एकाच कॉम्प्युटरवर बिलिंग, स्टॉक, उधारी, सगळं.

सकाळी ९:४०
पहिली काही बिलं सेव्ह होताना स्क्रीन गोठली. कुणी मनावर घेतलं नाही. २२ सप्टेंबरपासून स्टीलच्या भांड्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, गिऱ्हाईक सकाळपासूनच दारात होतं.

११:०५
सॉफ्टवेअर बंद पडलं. एरर ९००२: ट्रान्झॅक्शन लॉग भरला आहे.

या सॉफ्टवेअरचा डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितो, मग सवडीनं मुख्य डेटा फाइलमध्ये. या दुकानात डेटाबेस ‘फुल रिकव्हरी’वर ठेवला होता. त्या सेटिंगमध्ये लॉगचा वेगळा बॅकअप घेतल्याशिवाय आतली जागा मोकळी होत नाही. रोज रात्री डेटाबेसचा पूर्ण बॅकअप होत असे, पण त्यानं लॉग रिकामा होत नाही. हे दुकानदाराला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि माझ्या मते खरा दोष इथे आहे. त्यात बॅकअप पडत होते डी ड्राइव्हवर, म्हणजे त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या तुकड्यावर. लॉगही तिथेच. बॅकअपला एकदम ६ जीबी जागा लागायची. ती उरली नाही तेव्हापासून बॅकअप गुपचूप फसत होता. लॉग मात्र उरलेल्या फटीत थोडा थोडा फुगत राहिला.

दुपारी १२:१५
मालकांच्या पुतण्यानं डी ड्राइव्हवरचे लग्नाचे व्हिडिओ उडवले. बिलं पुन्हा सुरू झाली. “झालं बघा, काका.” खरं तर याच वेळी जुने बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हलवता आले असते. भरपूर जागा झाली असती आणि आजचा बॅकअपही हाती आला असता. पण चालू झालेल्या मशीनला हात कोण लावणार?

४:१०
पुन्हा ९००२. दारात रांग. यूपीआयचा डबा पैसे जमा झाल्याचं ओरडतोय, बिल मात्र निघत नाही. सॉफ्टवेअरवाल्यांचा सपोर्ट नंबर कुणी उचलेना.

५:०५
पुतण्यानं आकारमानानुसार फाइली लावल्या. सगळ्यात वर ७० जीबीची, शेवटी ‘एलडीएफ’. नावात लॉग होतं, म्हणून त्याला ती जुनी नोंदवही वाटली. डिलीट होईना; फाइल वापरात आहे असा संदेश आला. सर्व्हिस थांबवू पाहिली, ती अडकली. मग टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’.

५:२०
शिफ्ट-डिलीट. रिसायकल बिनमध्येही काही उरलं नाही.

५:२४
मशीन पुन्हा चालू केलं. डेटाबेसच्या नावापुढे ‘रिकव्हरी पेंडिंग’. सर्व्हर नीट बंद झाला नव्हता. कोणती नोंद पूर्ण, कोणती अर्धवट, हे फक्त लॉगवरून कळतं. तो नाही म्हटल्यावर सर्व्हर डेटाबेस उघडायला नकार देतो, आणि तो नकार योग्यच आहे.

५:४०
बॅकअप शोधला. शेवटचा धड बॅकअप १९ सप्टेंबरचा. तो चढवला तर महिनाभराची बिलं गेली, आणि प्रत्येक भांड्यावर पुन्हा १२ टक्के!

६:००
काकांनी छापील बिलबुक काढलं आणि मला फोन लावला. मी एवढंच सांगितलं: कॉम्प्युटर बंद करा, आणि हातबिलांना वेगळ्या अक्षराची मालिका द्या. जीएसटीत बिलाचे क्रमांक सलग लागतात, पण एकाहून जास्त मालिका चालतात. जुन्याच क्रमांकांपुढे लिहीत गेले असते तर डेटाबेस परत आल्यावर एकाच नंबराची दोन-दोन बिलं निघाली असती.

७:४५
पोहोचलो. आधी एमडीएफची, म्हणजे मुख्य डेटा फाइलची, बाहेरच्या डिस्कवर कॉपी, मग कीबोर्डला हात. डेटाबेस ‘इमर्जन्सी’ मोडमध्ये घेऊन दुरुस्तीची आज्ञा दिली. त्या आज्ञेच्या नावातच ‘अलाउ डेटा लॉस’ आहे. ती शेवटचा उपाय म्हणूनच चालवायची.

रात्री ११:३०
डेटाबेस उघडला. दुपारच्या काही बिलांचं शीर्षक होतं, खालच्या वस्तू गायब. स्टॉकमध्ये पितळी समया विकल्याच गेल्या नव्हत्या. काका त्या बिलांच्या कार्बन प्रती घेऊन शेजारी बसले. मी नंबर वाचत गेलो, ते वस्तू सांगत गेले.