नरिमन प्रकरण (१९३४–३७)

मुंबई प्रांताच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाचा नेता निवडण्यावरून १९३७ साली उठलेला वाद. तक्रारदार होते खुर्शीद फ्रामजी नरिमन (१८८३–१९४८) आणि आरोप होता वल्लभभाई पटेलांवर. निवड झाली बाळासाहेब खेरांची. पुढे चौकशी झाली तेव्हा १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीतले एक जुने प्रकरणही तिच्यापुढे आले, आणि नरिमन यांचे राजकीय आयुष्य त्यातच अडकले.

नरिमन वकील होते. मुंबई विधिमंडळात असताना त्यांनी बॅक बे भरावाच्या सरकारी योजनेतला गैरकारभार उघड केला. त्या कामावरचे इंजिनिअर हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला. त्यातून नरिमन निर्दोष सुटले आणि शहराचे लाडके पुढारी झाले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याच्या छावणीत ते होते, खेरही होते. दोघांनीही तुरुंगवास भोगला. मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद नरिमन यांच्याकडे होते आणि १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ च्या निवडणुकीनंतर प्रांताचे पंतप्रधानपद (आजच्या भाषेत मुख्यमंत्रिपद) आपल्याकडे येईल असे त्यांना वाटले, त्यात गैर काहीच नव्हते. शहरातल्या पुष्कळांना तसेच वाटत होते.

आधीचे प्रकरण १९३४ चे. कायदेभंगाची चळवळ मागे घेतल्यावर काँग्रेसने मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक लढवली. मुंबई शहराच्या दोन सर्वसाधारण जागांसाठी काँग्रेसतर्फे डॉ. गो. वि. देशमुख आणि कन्हैयालाल मुनशी उभे होते. त्यांच्याविरुद्ध सर कावसजी जहांगीर होते. देशमुख निवडून आले, मुनशी पडले आणि दुसरी जागा कावसजींना मिळाली. नरिमन यांनी स्वतः उभे राहावे असा पक्षात आग्रह होता, पण ते उभे राहिले नाहीत. प्रांतिक समितीचे अध्यक्ष असूनही त्यांनी मुनशींसाठी मनापासून काम केले नाही आणि आडून कावसजींना मदत केली, असा ठपका त्यांच्यावर आला. तेव्हा ही कुजबूज पक्षाच्या आतच राहिली. त्यानंतर ते महापौर झाले हे लक्षात घेतले, तर पक्षाने त्या वेळी तो अपराध अक्षम्य मानला होता असे दिसत नाही.

१९३५ च्या कायद्याखालची पहिली प्रांतिक निवडणूक १९३७ च्या सुरुवातीला झाली. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ८६ काँग्रेसला मिळाल्या. १२ मार्च १९३७ रोजी काँग्रेसच्या सभासदांनी खेरांना नेता निवडले. पटेलांनी दडपण आणून आपली निवड हुकवली, असा आरोप नरिमन यांनी केला. शंकरराव देव आणि गंगाधरराव देशपांडे यांना पटेलांनी पाठवलेल्या तारांवर त्यांचा विशेष रोख होता. देव महाराष्ट्राचे पुढारी, देशपांडे कर्नाटकाचे, आणि या दोन विभागांचे सभासद ज्या बाजूला झुकतील तोच नेता होणार, हे उघड होते.

या निवडीला काँग्रेसच्या प्रादेशिक रचनेचीही एक बाजू होती. १९२० पासून काँग्रेसच्या प्रांतिक समित्या भाषावार होत्या. मुंबई समितीच्या कक्षेत शहर होते.  ठाणे जिल्हा महाराष्ट्र समितीकडे होता. विधानसभेतले काँग्रेसचे बहुसंख्य सभासद शहराबाहेरचे होते: ठाणे, पुणे, खानदेश, गुजरात, धारवाड. नरिमन यांचे वजन चौपाटीवरच्या सभेत आणि महापालिकेत होते. मराठी, गुजराती आणि कानडी सभासदांना एकत्र चालेल असा माणूस शोधायचा, तर शांत स्वभावाचे, मूळचे रत्नागिरीचे आणि मुंबईत सॉलिसिटर असलेले खेर सोयीचे होते. दडपण नसतेच, तरी नरिमन निवडून आले असते याची खात्री देता येत नाही.

काही वृत्तपत्रांनी नरिमन यांची बाजू उचलून धरली आणि पारशी म्हणून त्यांना डावलले गेले असा सूर निघाला. वाद पेटला असताना सरकार मात्र काँग्रेसचे नव्हतेच. राज्यपालांच्या विशेषाधिकारांचा प्रश्न सुटेपर्यंत पक्षाने मंत्रिपदे नाकारली होती आणि १ एप्रिलपासून धनजीशा कूपर यांचे हंगामी मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. १९ जुलै १९३७ रोजी खेरांनी सूत्रे घेतली. त्यांच्या मंत्रिमंडळात डॉ. एम. डी. गिल्डर हे पारशी होते, त्यामुळे जातीय पक्षपाताचा आरोप टिकणे कठीण झाले. गृहखाते मुनशींकडे गेले. १९३४ ला पडलेला उमेदवार मंत्री आणि त्याला पाडल्याचा ठपका असलेला माणूस बाहेर, हे नरिमन यांच्या समर्थकांना विशेष बोचले असणार.

काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांच्याशी नरिमन यांचा पत्रव्यवहार कडवट होत गेला. अखेर महात्मा गांधी आणि मुंबईचे माजी ॲडव्होकेट जनरल डी. एन. बहादुरजी या दोघांनी चौकशी करावी असे ठरले. बहादुरजी पारशी होते आणि नरिमन यांना ते मान्य होते. दोन्ही प्रश्न त्यांच्यापुढे होते: १९३४ मध्ये नरिमन यांनी पक्षाशी दगा केला का, आणि १९३७ मध्ये पटेलांनी गैर दडपण आणले का. पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले, दुसऱ्याचे ‘नाही’. नरिमन यांनी निर्णय आधी मान्य केला आणि नंतर ती मान्यता मागे घेतली. ऑक्टोबरअखेर कलकत्त्याला भरलेल्या कार्यकारिणीने त्यांना काँग्रेसमधल्या जबाबदारीच्या कोणत्याही पदास अपात्र ठरवले.

पटेलांविरुद्धचा आरोप सिद्ध झाला नाही, हा निर्णय उपलब्ध पुराव्याला धरून होता. पक्षाच्या संसदीय कामाची धुरा ज्याच्याकडे आहे, त्याने प्रांतांच्या पुढाऱ्यांना तार करणे म्हणजे जुलूम नव्हे. पण तक्रार घेऊन आलेल्या माणसाचा तीन वर्षांपूर्वीचा दोष त्याच चौकशीत तपासून त्याला शिक्षा देणे न्याय्य वाटत नाही. सभासदांनी निवडलेला नेता आणि वरिष्ठांनी सुचवलेला नेता यांत सीमा कुठे आखायची, हा १९३७ चा खरा प्रश्न होता. १९३४ चे प्रकरण मध्ये आल्याने त्याची सार्वजनिक चर्चा नीट होऊच शकली नाही.

नरिमन १९३९ मध्ये सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. पूर्वीचे स्थान त्यांना पुन्हा मिळाले नाही. दक्षिण मुंबईतला वीर नरिमन रस्ता आणि बॅक बेच्या भरावावरचा नरिमन पॉइंट यांना त्यांचेच नाव आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडिया विन्स फ्रीडम’ या आत्मकथनात मौलाना आझादांनी नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे म्हटले आणि त्याचे कारण त्यांचे पारशी असणे हेच सांगितले. आझाद स्वतः तेव्हाच्या वरिष्ठ नेतृत्वात होते, म्हणून त्यांच्या साक्षीला वजन आहे. मात्र १९३४ च्या निवडणुकीचा, बहादुरजींच्या सहभागाचा आणि गिल्डर यांच्या मंत्रिपदाचा उलगडा त्यांच्या स्पष्टीकरणातून होत नाही. पटेलांची बाजू घेणारे नेमके याच तीन गोष्टींवर बोट ठेवतात.