सरव्याचे वाटेकरी

आमचे शेत बेळगावपासून दहा-बारा मैलांवर. जोंधळा दाण्यात आला की आजोबा पहाटेच गोफण घेऊन माळ्यावर चढत. होले, पारवे, चिमण्या यांचे थवे उठवत दिवस जाई. काढणी झाली, कणसे खळ्यावर गेली, की तीच गोफण पडवीतल्या खुंटीला अडके. मग धसकटांत सांडलेल्या दाण्यांवर कुणाची मनाई नसे. गावातल्या भूमिहीन घरच्या बाया सरवा वेचायला येत. त्यांच्या आगेमागे पारवे उतरत. आणि पारव्यांच्या मागावर, वर्षाआड का होईना, पारध्यांची दोन-तीन बिऱ्हाडे माळावर पाल टाकत.

साठच्या दशकातली ही आठवण आहे. पारध्याचा फास मी जवळून पाहिला आहे. दोरीला ओळीने बांधलेले बारीक सरफास, जमिनीलगत बोटभर उंचीवर उभे केलेले. पिंजऱ्यातला पाळीव तित्तिर साद घाली, रानातला त्याच्याशी भांडायला धावत येई आणि पाय अडकून बसे. आवाज नाही, धूर नाही. आजीचे म्हणणे एवढेच असे की पाखरू धरलेत तर धरा, पण दारात कापू नका. आजोबा मात्र पारधी आले की रात्री गोठ्याला कुलूप लावत. दिवसा त्यांच्याशी बोलत बसणारा माणूस रात्री कुलूप का लावतो, हे मला फार उशिरा कळले. तेही बेंगळुरूत आल्यावर.

नोकरीनिमित्त इथे आलो त्याला आता तीसेक वर्षे झाली. बन्नेरघट्ट्याकडे जाताना एकदा सोबतच्या कन्नड मित्राने एका वस्तीकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘हक्की पिक्की कॉलनी’. हक्की म्हणजे पक्षी. पिक्की म्हणजे पकडणारा. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याशी बोललो तेव्हा त्यांची घरातली बोली कानाला गुजरातीसारखी लागली. वागरी म्हणतात तिला. आमच्याकडचे फासेपारधी, उत्तर कर्नाटकातले हरणशिकारी आणि हे हक्की पिक्की ही एकाच गोतावळ्यातली माणसे. राणा प्रतापाशी ते आपले नाते सांगतात. तो म्हातारा मला म्हणाला, ‘नाचणी कापली की आमचा हंगाम.’ आमच्या जोंधळ्याच्या जागी इथे नाचणी होती, एवढाच फरक.

पण नाचणीच्या त्याच शेतांवर आणखी एक हंगाम सुरू होई. १८०९ मध्ये इंग्रजांनी इथे लष्करी छावणी वसवली. छावणीतल्या साहेबांना पोलो आणि शर्यतींइतकीच शिकार प्रिय होती. तळ्यांखालच्या भातखाचरांत पाणलावे, तळ्यांवर बदके, कापलेल्या रानात लावे, होले, पारवे. पारव्याच्या शिकारीची रीत साधी होती. थवे सकाळ-संध्याकाळ ठरल्या वाटेने धसकटांवर उतरतात. त्या वाटेवर कुंपणाआड बंदूकवाला उभा राहतो आणि पाखरू डोक्यावरून जाताना बार काढतो. छर्ऱ्याच्या काडतुसाने एका सकाळी जेवढी पाखरे पडत, तेवढी पारध्याच्या फासात कितीतरी दिवसांत पडत नसत.

पाखरू तेच आणि रानही तेच, पण हातातले हत्यार बदलले की कायद्याची नजर बदलत असे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. युरोपियनांना त्यातून सूट होती. त्याआधी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. १९११ मध्ये तो नव्याने करून सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी खुला केला गेला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि या इलाख्यात फासेपारध्यांचे नाव त्या यादीत चढले. यादीत नाव आले की हजेरी आली. गाव सोडायचे तर दाखला आला. पाखरांमागे फिरणे हेच ज्याचे पोट, त्याला फिरणेच गुन्हा झाले. आजोबांचे कुलूप त्या यादीतून आलेले होते. यादी रद्द झाली ३१ ऑगस्ट १९५२ ला. आमच्या गोठ्याचे कुलूप त्यानंतरही लागत राहिले.

१९१२ मध्ये वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात मोर, तित्तिर, लावे यांच्याबरोबर पारवा-कबुतरांचाही समावेश होता. ठरवलेल्या बंदीच्या काळात त्यांना मारायचे नाही, धरायचे नाही, एरवी मोकळीक. कागदावर हा नियम बंदुकीला आणि फासाला सारखाच होता. पण साहेबाला वर्षातले काही महिने थांबायचे होते आणि पारध्याला त्या महिन्यांतही जेवायचे होते.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, स्टुअर्ट बेकर यांचे हिंदुस्थानातील कबुतरे व होल्यांवरचे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बेकर हे पक्ष्यांचे मोठे जाणकार, स्वतः शिकारी, आणि पेशाने पोलीस अधिकारी. सलीम अलींची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकत आलो: लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या कंठाची चिमणी, ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत जाणे आणि तिथून सुरू झालेले आयुष्य. मला ही गोष्ट अजूनही आवडते. सोसायटीने त्या मुलाला पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून दाखवली, हे थोरच झाले. पण त्याच काळात पाखरांचे शंभर आवाज काढू शकणारा पारध्याचा पोरगा चौकीत हजेरी देत होता. त्याच्यासाठी असले कपाट कुणी उघडले नाही.

एक दार मात्र उघडले होते, तेही एका शिकाऱ्यानेच. कोल्हापूरचे शाहू महाराज चित्त्यांकडून काळवीट धरण्याच्या शिकारीचे शौकीन. त्यांनी फासेपारध्यांना आपल्याजवळ आणून कामावर ठेवले आणि १९१८ मध्ये संस्थानातल्या काही जमातींची हजेरी बंद केली. रानात ज्यांच्यासोबत वावरले त्यांची पारख त्यांना कागदापेक्षा अधिक होती, असे मला वाटते.

ही पारख शास्त्राच्या भाषेत मांडली गेली ती पुढे, आणि तिचा एक धागा बेंगळुरूशी जोडलेला आहे. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेतले माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलास मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. वैदू मुंगूस, रानमांजर यांच्या मागे असत. फासेपारधी हरणे आणि पाखरे फासात धरत. एकाच मुलखात फिरूनही एकाने दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही. शिवाय फासात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी तिला सोडून देत. बंदीच्या काळाचा कायदा ज्यांच्यावर वरून लादला गेला, त्यांच्याकडे स्वतःचा असा नियम आधीच होता.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या चौथ्या परिशिष्टात कबुतरांचे सारे कुळ घेतले गेले. वगळला तो फक्त आपला साधा पारवा. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल हाही कबुतरच, म्हणून तो त्या यादीत आला. मूळ कायद्यात शिकारीच्या आणि सापळे लावण्याच्याही परवान्याची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. हे योग्यच झाले, असे मी मानतो. नाचणीच्या रानांवर आता वसाहती उभ्या आहेत, तळी बुजली आहेत. उरलेल्या पाखरांवर ना बंदूक हवी ना फास. पण बंदूकवाल्याचा यात एक छंद गेला, आणि हक्की पिक्कींची रोजी गेली. छंदाच्या जागी दुसरा छंद येतो. रोजीच्या जागी काय द्यायचे, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी पुरेसा केला नाही.

तो त्यांचा त्यांनीच केला. प्लास्टिकची फुले, मग जडीबुटी, मग केसांचे तेल. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात त्यांची संख्या सुमारे १२ हजार, आणि त्यांतले कितीतरी जण तेल विकायला आफ्रिकेपर्यंत पोचले. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटले तेव्हा हक्की पिक्कींची माणसे तिथे अडकल्याच्या बातम्या आल्या, आणि नकाशात सुदान शोधणाऱ्या आम्हा बेंगळुरूकरांना आपल्या शेजारची ही वस्ती प्रथमच ठाऊक झाली. ‘ऑपरेशन कावेरी’तून लोक परत आले. हुणसूरजवळ त्यांचे एक गाव आहे. त्याचे नाव पक्षिराजपुर.

गेल्या महिन्यात आमच्या बाल्कनीला जाळी लावून घेतली. पारव्यांचा त्रास फार. जाळीच्या पलीकडे कठड्यावर बसून ते आत बघत असतात. आजोबांच्या रानात सुगीनंतर गोफण खुंटीला जाई आणि सरव्यात त्यांचा वाटा धरलेला असे. त्यांच्या मागे येणाऱ्यांचाही. आमच्या घरात जाळी बारा महिने असते, आणि सरवा हा शब्द माझ्या नातवाला समजावून सांगावा लागतो.