कागदावर न्यूटन, फाईलमध्ये पाउंड

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. 'खाली' म्हणजे उर्दूत रिकामं, मराठीत तळाला. शब्द अनोळखी असला की मुलं विचारतात; ओळखीचा वाटला की विचारत नाहीत. गोंधळ तिथेच होतो. १९९९ साली असाच गोंधळ थेट मंगळाच्या दारात झाला.

नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघालं. प्रवासात त्याचे छोटे थ्रस्टर अधूनमधून चालवावे लागत. प्रत्येक वेळी यानाला किंचित धक्का बसे आणि वाट जराशी बदले. या धक्क्यांचा हिशोब लॉकहीड मार्टिनचं जमिनीवरचं सॉफ्टवेअर एका फाईलमध्ये लिहीत असे. ती फाईल घेऊन जेपीएलचे लोक यानाचा मार्ग ठरवत.

ही फाईल कशी असावी, याचा दस्तऐवज दोन्ही बाजूंकडे होता. आकडे न्यूटन-सेकंदांत द्यायचे, असं त्यात स्पष्ट होतं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्का खऱ्यापेक्षा साडेचार पटींनी लहान धरला जात होता. पाहणाऱ्याला आकडा आकड्यासारखाच दिसे.

२३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचं होतं. नंतरच्या हिशोबानुसार ते सुमारे ५७ किलोमीटरवर आलं. ८० किलोमीटरच्या आत ते तगणार नव्हतं. ते मंगळाच्या मागे गेलं, त्यानंतर त्याचा संदेश आलाच नाही.

चौकशी मंडळाचा अहवाल नोव्हेंबरमध्ये आला. मूळ कारण एककाची चूक. पण मला त्यातली दुसरी नोंद जास्त सलते. मार्ग आखणाऱ्यांना आकड्यांत काहीतरी बिनसल्याची शंका आधीच आली होती. ती आपसातल्या बोलण्यात राहिली. रीतसर नोंदवून तिचा छडा लावला गेला नाही. आणि सॉफ्टवेअर दस्तऐवजाप्रमाणे वागतं का, याची पुरेशी तपासणीही झाली नाही.

दस्तऐवज खोटा नव्हता. पण सॉफ्टवेअरने काय करायला हवं, एवढंच तो सांगत होता. ते खरोखर काय करतं, हे कळायला एक धक्का हाताने मोजून फाईलशी ताडून पाहणं पुरेसं होतं. लिहिलेलं आहे म्हणून कुणी मोजलं नाही.